नव्या देशात मोबाइल प्लॅन घेताना : किंमत सगळ्यात शेवटी बघा

नव्या देशात पोचल्यावर फोन पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू करावा लागतो. घर बघायला कॉल करायचे असतात, नकाशा लागतो, ऑफिसला नंबर कळवायचा असतो. त्या घाईत दुकानातला माणूस प्लॅनचा तक्ता पुढे सरकवतो. तक्त्यात दोनच आकडे ठळक असतात, किती जीबी आणि महिन्याला किती पैसे. त्या दोन आकड्यांवर दोन वर्षांच्या करारावर सही होते.

पण प्लॅन चांगला निघणार की डोक्याला ताप होणार, हे त्या तक्त्यावर ठरत नाही. हातातला हँडसेट तिथल्या नेटवर्कवर पुरता चालतो का, मागे राहिलेल्या नंबरचं काय करायचं, आणि जिथे राहणार तिथे घराच्या आत कोणाची रेंज येते, या तीन गोष्टी आधी लागतात. त्या कळल्या की निम्म्याहून जास्त प्लॅन आपोआप गळतात. उरलेल्यांत किंमत बघायला दहा मिनिटं पुरतात.

म्हणून आमचा सल्ला असा की पहिला महिना, जमलं तर दोन महिने, प्रीपेडवर काढा आणि कराराचं नंतर बघा.

प्रीपेडने सुरुवात का

पोस्टपेड म्हणजे कंपनीने महिनाभर दिलेली उधारी. ती देण्याआधी कंपनी राहता पत्ता, स्थानिक बँक खातं आणि बऱ्याच देशांत क्रेडिट हिस्टरी, म्हणजे आधीची कर्जं-बिलं वेळेवर भरल्याची नोंद, बघते. नव्याने आलेल्याकडे यातलं काहीच नसतं. बँकेत खातं उघडायला जावं, तर तिथे स्थानिक मोबाइल नंबर मागतात. हा तिढा प्रीपेड सिमने सुटतो, कारण पैसे आधीच भरलेले असतात आणि तुमची पत तपासायचं कंपनीला कारण उरत नाही. काही कंपन्या अनामत रक्कम घेऊन पोस्टपेड देतात. ती वाट घ्यायचीच असेल, तर अनामत किती महिन्यांनी आणि कोणत्या अटीवर परत मिळते, हे लेखी घ्या.

ओळखपत्राचे नियम देशागणिक बदलतात. जर्मनीत जुलै २०१७ पासून ओळख पडताळल्याशिवाय प्रीपेड सिम सुरू होत नाही, तर ब्रिटनमध्ये ते नोंदणीशिवायही मिळतं. पासपोर्ट आणि व्हिसा किंवा निवास परवाना जवळ ठेवावा. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षराला अक्षर जुळवून नोंदवून घ्यावं. मधलं नाव गाळलं किंवा आडनाव पुढेमागे झालं, तर पुढे पोस्टपेडला जाताना किंवा हरवलेलं सिम परत काढताना तेच आडवं येतं.

विमानतळावर मिळणारं पर्यटक सिम आणि साधं प्रीपेड सिम यांत फरक असतो. पर्यटक सिमची मुदत ठरलेली असते, अनेकदा ते पुन्हा रिचार्ज होत नाही आणि मुदत संपली की नंबरही जातो. असा नंबर बँकेला किंवा सरकारी कचेरीत दिला की पुढे प्रत्येक ठिकाणी बदलत बसावं लागतं. निघण्याआधी ऑनलाइन घेतलेलं प्रवासी ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवलेलं सिम, तेही तसंच. त्यात बहुतेकदा फक्त डेटा असतो आणि कॉलसाठी नंबरच नसतो. पहिले दोन दिवस नकाशा आणि मेसेजपुरतं ते सोयीचं आहे. मात्र या ई-सिमचं इंटरनेट पुष्कळदा तिसऱ्याच देशातून फिरून येतं. त्यामुळे व्हिडिओ कॉल अडखळतो आणि काही वेबसाइट तुम्हाला भलत्याच देशात समजतात.

हँडसेट : सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात

पहिला प्रश्न लॉकचा. हप्त्यांवर किंवा कराराबरोबर घेतलेला फोन त्याच कंपनीच्या सिमला बांधलेला असू शकतो. आयफोनवर 'सेटिंग्ज', 'जनरल', 'अबाउट' या क्रमाने जाऊन खाली सरकल्यावर 'कॅरियर लॉक' अशी ओळ दिसते. तिच्यासमोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असेल तर फोन मोकळा आहे. अँड्रॉइडवर ही माहिती प्रत्येक कंपनी वेगळ्या जागी ठेवते. तिथे खात्रीचा उपाय म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघणं. हे निघण्याआधी करा, कारण लॉक काढायची विनंती जुन्याच कंपनीकडे करावी लागते आणि थकलेला हप्ता असेल तर ती विनंती मान्य होत नाही. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना लॉक केलेले फोन विकता येत नाहीत. त्याआधीचा किंवा दुसऱ्या देशातला सेकंडहँड फोन असेल तर मात्र तपासावंच लागतं.

दुसरा प्रश्न आयएमईआयचा, म्हणजे हँडसेटच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाचा. डायलरवर *#०६# दाबलं की पंधरा आकडी क्रमांक दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. काही देशांत बाहेरून आणलेला फोन या क्रमांकाने सरकारदरबारी नोंदवावा लागतो. तुर्कस्तानात बाहेरचा हँडसेट स्थानिक सिमवर १२० दिवस चालतो. शुल्क भरून नोंदणी केली नाही तर पुढे नेटवर्क तो बंद करतं. पाकिस्तान आणि इंडोनेशियातही अशीच नोंदणी आहे. शुल्क बरंच असू शकतं, इतकं की स्वस्तातला फोन असेल तर तिथेच नवा घेणं परवडतं. परदेशी सिमवर, म्हणजे रोमिंगवर, तोच फोन चालत राहतो. त्यामुळे बिघाड सिममध्ये आहे असं वाटतं आणि लोक सिम बदलत बसतात.

आता बँड. मोबाइलच्या लहरी अनेक पट्ट्यांत विभागलेल्या असतात आणि प्रत्येक देशाने वेगवेगळे पट्टे वाटलेले आहेत. कमी वारंवारतेचे पट्टे लांब जातात आणि भिंती भेदतात. जास्त वारंवारतेचे पट्टे वेग देतात, पण भिंतीपाशी दमतात. युरोपात ८०० मेगाहर्ट्झचा बँड २०, अमेरिकेत ७०० चे बँड १२ व १३ आणि ६०० चा बँड ७१, ऑस्ट्रेलियात ७०० चा बँड २८ हे या लांब पल्ल्याच्या कामाचे. एका बाजारासाठी बनवलेल्या फोनमध्ये दुसऱ्या बाजाराचे हे खालचे पट्टे नसले, तर रस्त्यावर रेंज पूर्ण दिसते आणि घरात शिरताच गायब होते. माणूस कंपनीला बोल लावतो; शेजाऱ्याचा फोन त्याच सिमवर व्यवस्थित चालतो.

बँड तपासताना फोनच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाचा फोन चार-पाच वेगवेगळ्या मॉडेल क्रमांकांनी विकला जातो आणि प्रत्येकाचे बँड वेगळे असतात. आयफोनवर 'अबाउट'मधल्या 'मॉडेल नंबर'वर बोट टेकवलं की 'ए'ने सुरू होणारा क्रमांक दिसतो, अँड्रॉइडवर तो 'अबाउट फोन'मध्ये असतो. त्या क्रमांकाची बँडयादी उत्पादकाच्या साइटवरून घ्या आणि नव्या देशातल्या कंपनीच्या यादीशी ताडून बघा. सगळे बँड जुळायची गरज नाही. निदान एक खालचा आणि दोन मधले जुळले पाहिजेत.

बँडही जुळले, इंटरनेट झकास चालतंय, पण कॉलच लागत नाही, असंही होतं. त्याचं कारण व्होल्टी. ४जी हे मुळात फक्त डेटाचं नेटवर्क आहे. त्यावरून आवाज न्यायचा तर व्होल्टी लागतं, नाहीतर कॉलच्या वेळी फोन २जी किंवा ३जीवर उतरतो. ती जुनी नेटवर्कं आता बंद होत चालली आहेत. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं. जर्मनीत ३जी २०२१ मध्येच गेलं, पण २जी राहिलं. म्हणून तिथे व्होल्टी नसलेला फोन कॉल लावतो, फक्त बोलणं चालू असताना नेट थांबतं. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या अखेरीस ३जी संपलं, आणि ज्या हँडसेटवरून ००० हा आणीबाणीचा नंबर लागू शकत नाही त्याला सेवाच द्यायची नाही, असा नियम कंपन्यांना लागू झाला. अशा ठिकाणी फोन नवा आणि महाग असूनही नेटवर्कवर घेतला जात नाही.

यातली मेख अशी की फोनमध्ये व्होल्टी असणं आणि त्या विशिष्ट कंपनीच्या नेटवर्कवर त्या फोनचं व्होल्टी चालणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीची सेटिंग्ज फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये असावी लागतात. जुन्या देशात व्होल्टी चालत होतं यावरून नव्या देशाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. बहुतेक कंपन्यांच्या साइटवर आयएमईआय टाकून तपासायची सोय असते, ती वापरा. सिम मिळाल्यावर एक साधी परीक्षा करा. कॉल लावा आणि बोलणं चालू असताना वरच्या पट्टीत बघा. '४जी' किंवा 'एलटीई' तसंच राहिलं तर व्होल्टी चालू आहे. तिथे '३जी', 'एच' किंवा 'ई' आलं, तर फोन जुन्या नेटवर्कवर उतरला आहे.

ई-सिमबद्दल थोडक्यात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांत २०२२ च्या आयफोन १४ पासून सिमची खाचच नाही. उलट चीनच्या मुख्य भूमीत विकलेल्या बहुतेक आयफोनांत ई-सिम नसतं. ज्या देशात जाणार तिथल्या छोट्या कंपन्या दोन्हींपैकी काय देतात ते आधी बघा. ई-सिमचा क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो आणि तो उतरवायला वायफाय लागतं. 'चालत नाही, काढून परत टाकू' असं करायला जाऊ नका. एकदा पुसलेलं ई-सिम परत मिळवायला कस्टमर केअरला फोन करावा लागतो, आणि तो कॉल लावायला तुमच्याकडे सिम नसतं.

मागे राहिलेला नंबर

जुना नंबर लगेच बंद करू नका. बँकेचे ओटीपी, कर खातं, विमा, ईमेलची पुनर्प्राप्ती, सगळं त्याला बांधलेलं असतं. शिवाय बंद केलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते, मग तुमचे ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जातात.

निघण्याआधीची कामं अशी. जुना नंबर सगळ्यात स्वस्त प्लॅनवर न्या आणि तो जिवंत राहायला किती दिवसांनी रिचार्ज लागतो ते विचारून घ्या. आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या; बऱ्याच कंपन्यांत ते देशात असतानाच चालू होतं, बाहेरून होत नाही. परदेशात येणारा एसएमएस फुकट आहे का हे विचारा. पुष्कळ ठिकाणी तो फुकट असतो, येणारा कॉल मात्र क्वचितच. व्हॉइसमेल बंद करा. रोमिंगवर न उचललेला कॉल आधी परदेशात येतो, मग उलट फिरून व्हॉइसमेलला जातो आणि काही कंपन्या या दोन्ही फेऱ्यांचे पैसे लावतात. बँकेत ओटीपीऐवजी ॲपमधून मंजुरीची सोय असेल तर ती जुन्या देशात असतानाच सुरू करा, कारण तिच्या पहिल्या नोंदणीला एसएमएस लागतो.

दोन सिम एका फोनमध्ये ठेवलीत की दोन जागी लक्ष द्या. जुन्या सिमचं डेटा रोमिंग बंद हवं, आणि आयफोनवर 'अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग', अँड्रॉइडवर 'ऑटो डेटा स्विचिंग' किंवा तत्सम नावाचा पर्याय, तोही बंद हवा. हा चालू राहिला तर नव्या सिमची रेंज गेली की फोन परस्पर जुन्या सिमच्या डेटावर जाऊ शकतो. आयफोनवर आणखी एक गंमत आहे. आयमेसेज आणि फेसटाइम सुरू होताना फोन गुपचूप एक आंतरराष्ट्रीय एसएमएस पाठवतो. तो जुन्या सिमवरून गेला तर रोमिंगच्या दराने पैसे कापले जातात.

व्हॉट्सॲपची काळजी त्या मानाने कमी. ते नोंदवलेल्या नंबरवर चालतं, तो नंबर फोनमध्ये असलाच पाहिजे असं नाही. जुन्याच नंबरवर ते खुशाल चालू ठेवा, फक्त टू-स्टेप पिन लावून ठेवा. नवा नंबर करायचा असेल तर 'चेंज नंबर' वापरा म्हणजे ग्रुप आणि चॅट राहतात. ॲप काढून नव्या नंबरने नव्याने नोंदणी केली तर ग्रुप जातात.

रेंज घराच्या आतली

कंपनीच्या साइटवरचा नकाशा गणिताने काढलेला असतो आणि तो बहुधा उघड्यावरच्या रेंजचा असतो. तळघर, जाड दगडी भिंती, धातूचा थर दिलेल्या काचा, लिफ्ट, भुयारी रेल्वे यांचा त्यात विचार नसतो. देशात सर्वांत मोठं नेटवर्क कोणाचं, या प्रश्नाचाही फारसा उपयोग नाही. तुमच्या स्वयंपाकघरात कोण चालतं, हे महत्त्वाचं. महिनाभराचं प्रीपेड सिम घेऊन तीन ठिकाणी तपासा: घरात सर्वांत आतल्या खोलीत, कामाच्या जागी, आणि रोजच्या प्रवासात. वेळ संध्याकाळी सात ते दहा. दुपारी वेगाची चाचणी सुंदर येते, ती फसवी. दोन सिमचा फोन असेल तर दोन कंपन्यांची प्रीपेड सिम एकाच वेळी घालून शेजारी शेजारी तुलना होते. यावर झालेला खर्च वाया जात नाही.

स्वस्त प्लॅन देणाऱ्या पुष्कळ कंपन्यांचे स्वतःचे टॉवर नसतात. त्या मोठ्या कंपनीचं नेटवर्क घाऊक भावाने घेऊन किरकोळीत विकतात. रेंज मोठ्या कंपनीइतकीच मिळते, फरक गर्दीत पडतो. स्टेशनवर किंवा सामन्याच्या मैदानात टॉवरवर ताण आला की मूळ कंपनीच्या ग्राहकांना पुढे काढलं जाऊ शकतं आणि तुमचा डेटा मागे राहतो. शिवाय वायफाय कॉलिंग, परदेशी रोमिंग, घड्याळासाठीचं ई-सिम यातलं काही ना काही गाळलेलं असतं. तरीही आमच्या मते एकट्या माणसासाठी बऱ्याच ठिकाणी अशीच कंपनी सर्वांत किफायतशीर ठरते. फक्त ती कोणाच्या टॉवरवर चालते हे शोधा आणि त्याच मूळ नेटवर्कची घरातली रेंज तपासलेली असू द्या.

किती जीबी, आणि 'अमर्याद' म्हणजे किती

आपण महिन्याला किती डेटा वापरतो हे बहुतेकांना माहीत नसतं. फोनच्या सेटिंग्जमध्ये मोबाइल डेटाचा हिशेब असतो. मागच्या तीन महिन्यांचा बघा. नकाशा, मेसेज, ईमेल यांना फारच थोडा लागतो. ॲपवरून आवाजी कॉलला मिनिटाला साधारण एक एमबीपेक्षा कमी. खरा खादाड व्हिडिओ: साध्या दर्जात तासाला सुमारे एक जीबी, एचडीत तीनपर्यंत.

नव्या देशातल्या पहिल्या महिन्याच्या आकड्यावर मात्र जाऊ नका. घरी ब्रॉडबँड लागेपर्यंत काही आठवडे सगळं मोबाइलवरूनच चालतं आणि आकडा फुगतो. तो बघून मोठा प्लॅन घेतला, तर वायफाय आल्यावर निम्मा डेटा दर महिन्याला फुकट जातो.

'अमर्याद' डेटाच्या जाहिरातीखाली बारीक अक्षरांत तीन-चार आकडे दडलेले असतात. पूर्ण वेगाचा डेटा किती, त्यानंतर वेग कितीवर येतो, हॉटस्पॉटसाठी किती, आणि व्हिडिओ कोणत्या दर्जावर अडवला आहे. वेगाचा आकडा वाचायला शिका. कोटा संपल्यावर '१२८ केबीपीएस' लिहिलं असेल, तर ते बिट आहेत, बाइट नव्हेत. आठाने भागलं की सेकंदाला १६ किलोबाइट. एक एमबीला एक मिनिटाहून जास्त लागतं. तीन एमबीचा एक फोटो पाठवायला तीन मिनिटं. मेसेज कसाबसा जातो, नकाशा उघडता उघडता वळण मागे पडतं. हाच आकडा १ एमबीपीएस असेल तर कोटा संपल्यावरही साध्या दर्जाचा व्हिडिओ चालतो. दोन प्लॅनमध्ये जीबी सारखे असले तरी या एका ओळीने फरक पडतो.

कोटा संपल्यावर वेग कमी होणं आणि गर्दीत मागे ढकललं जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली महिना संपेपर्यंत टिकते, दुसरी टॉवर मोकळा झाला की जाते. लॅपटॉपला फोनवरून नेट देणार असाल तर हॉटस्पॉटचा आकडा वेगळा बघाच. ५जीसाठी जादा पैसे देण्यासारखं सहसा काही नसतं.

कॉल आणि रोमिंग

स्थानिक कॉल बहुतेक प्लॅनमध्ये अमर्याद असतात. घरच्यांशी बोलायला ॲप आहेतच. तरी परदेशी कॉल असलेला प्लॅन घेत असाल, तर देशांच्या यादीत 'लँडलाइन' आणि 'मोबाइल' असे दोन रकाने असतात ते बघा. अनेक प्लॅनमध्ये फक्त लँडलाइन फुकट असते. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून सदस्य देशांत फिरताना रोमिंगचं वेगळं शुल्क नाही. मात्र त्या सवलतीला योग्य वापराची मर्यादा आहे, त्यामुळे एका देशातलं स्वस्त सिम घेऊन दुसऱ्या देशात कायमचं राहायची युक्ती फार काळ चालत नाही. संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटनमधल्या अनेक कंपन्यांनी हे शुल्क परत आणलं.

आणीबाणीचा नंबर सिम बसवल्या दिवशी पाठ करा: युरोपीय संघात ११२, अमेरिका-कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, न्यूझीलंडमध्ये १११. सिम नसलेल्या फोनवरून आणीबाणीचा कॉल सगळीकडे लागतो हा समज चुकीचा आहे. जर्मनीत चालू सिम असावं लागतं. वायफाय कॉलिंग सुरू करताना पत्ता विचारला तर नीट भरा आणि घर बदललं की बदला. वायफायवरून केलेल्या कॉलचं ठिकाण आणीबाणी कक्षाला त्याच पत्त्यावरून कळू शकतं.

करार करायचाच असेल तर

महिना-दोन महिन्यांत रेंज कळली, बँक खातं झालं, वापराचा अंदाज आला की मग करार. पूर्ण मुदतीची बेरीज कागदावर मांडा: सुरुवातीचं शुल्क, अधिक सवलतीचा दर गुणिले सवलतीचे महिने, अधिक मूळ दर गुणिले उरलेले महिने, अधिक कर. पहिले सहा महिने निम्म्या दराने ही जाहिरात दोन वर्षांच्या बेरजेत फिकी पडते. फोनसकट प्लॅन असेल तर दुसऱ्या बाजूला रोख घेतलेला फोन आणि नुसत्या सिमचा प्लॅन यांची तितक्याच महिन्यांची बेरीज ठेवा. हप्त्यांचा प्लॅन महाग निघाला तर त्या फरकाला व्याज समजा. अमेरिकेत जाहिरातीतल्या दरात कर आणि शुल्क बहुतेकदा धरलेलं नसतं, काही कंपन्या धरतात. विचारल्याशिवाय तुलना करू नका.

प्रीपेडमध्ये '२८ दिवस' आणि 'महिना' यांत गल्लत होते. २८ दिवसांचा प्लॅन वर्षात तेरा वेळा भरावा लागतो, म्हणजे महिन्याच्या दराने तुलना करताना त्याच्या किमतीला १३ ने गुणून १२ ने भागा.

करारात तीन कलमं शोधा. मुदत संपल्यावर काय होतं: जर्मनीत १ डिसेंबर २०२१ पासून पहिली मुदत संपल्यावर महिन्याच्या नोटिशीवर बाहेर पडता येतं, पण नोटीस तुम्हालाच द्यावी लागते. मधेच दर वाढतो का: ब्रिटनमध्ये १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत वाढ महागाईच्या टक्क्यात नाही, पौंड-पेन्समध्ये आधीच लिहावी लागते. आणि देश सोडला तर मुदतीआधी सुटण्यासाठी किती भरावं लागतं. व्हिसाची मुदत कराराच्या मुदतीपेक्षा कमी असेल तर सही करायचं कारणच नाही.

सिम घातलं, नेट येत नाही

कॉल लागतो पण नेट नाही, तर बहुतेक वेळा एपीएन, म्हणजे फोनला कंपनीच्या इंटरनेटशी जोडणारी सेटिंग, चुकलेला असतो. भाड्याच्या टॉवरवर चालणाऱ्या कंपन्यांत तर हे नेहमीचं. सिमच्या पाकिटावर किंवा कंपनीच्या साइटवर एपीएनचं नाव असतं. मोबाइल नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये ते हाताने टाका, कॅपिटल-स्मॉल अक्षरांसकट, आणि फोन बंद करून चालू करा. तरी येत नसेल तर त्या नव्या सिमचं डेटा रोमिंग चालू करून बघा, काही छोट्या कंपन्यांना ते स्वतःच्या देशातही लागतं. कंपनीचं ॲप स्टोअरमध्ये सापडत नसेल तर तुमच्या स्टोअर खात्याचा देश अजून जुनाच आहे; तोवर ब्राउझरमधून रिचार्ज करा.

नव्या नंबरवर अनोळखी लोकांचे कॉल, वसुलीचे मेसेज येऊ लागले, तर तो नंबर आधी दुसऱ्याचा होता. पहिल्या दोन दिवसांतच बदलून घ्या, बँकेला देण्याआधी.

आणि प्रीपेडवरून पुढे दुसऱ्या कंपनीत जाताना जुनं कनेक्शन आधी बंद करू नका. बंद केलेला नंबर पोर्ट होत नाही. आधी पोर्टिंगचा कोड मिळवा. ब्रिटनमध्ये ६५०७५ वर 'पीएसी' असा एसएमएस केला की कोड येतो आणि तो तीस दिवस चालतो. तो नव्या कंपनीला द्या. पोर्ट झालं की जुनं खातं आपोआप बंद होतं आणि त्यातली शिल्लक बहुधा जाते, म्हणून आधीचे आठ दिवस रिचार्ज करू नका आणि ऑटो-रिचार्ज काढून टाका. जुनं ई-सिम फोनमधून पुसायचं ते नव्या सिमवर एक कॉल आणि एक ओटीपी येऊन गेल्यानंतरच.